मॉलच्या फ्लोअरवर किंवा भिवंडीच्या गोडाऊनमध्ये लागण्याआधी

बारावी झाली, पुढच्या फीची सोय नाही आणि घरात एक पगार कमी पडतोय, अशा वेळी मुंबईत सगळ्यात लवकर मिळणारी नोकरी म्हणजे मॉलमधलं दुकान, सुपरमार्केट नाहीतर भिवंडीचं गोडाऊन. फोन येतो, आधार-पॅनच्या झेरॉक्स द्यायच्या, दोन दिवसांत टी-शर्ट हातात. मी कळव्याची. आधी घाटकोपरकडच्या एका सुपरमार्केटमध्ये कॅशला आणि फ्लोअरला होते, नंतर भिवंडीत एका गोडाऊनमध्ये पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकमधला माल गोळा करायला. आमच्या वस्तीतली पोरं अजूनही काहीही न विचारता रुजू होतात आणि तीन-चार महिन्यांनी तोंड पाडून घरी बसतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पगाराचं बघू, कारण पहिला धक्का तिथेच बसतो. जाहिरातीत 17,000 लिहिलेलं असतं आणि खात्यात त्याहून बरेच कमी येतात. समजा तुमचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 15,000 आहे आणि त्यात बेसिक व महागाई भत्ता मिळून 12,000. पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,440. ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) 0.75 टक्के, म्हणजे 113. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात राहिले 13,247. कंपनीने स्वतःच्या बाजूने भरायचे पीएफचे 1,440 आणि ईएसआयसीचे 488 हेसुद्धा तुमच्याच पगारात धरून जवळपास तो 17,000 चा आकडा तयार होतो. यात बेकायदा काही नाही, पण मुलाखतीत विचारायचा प्रश्न एकच: "हातात किती?" मुलींनी आणखी एक बघायचं. महाराष्ट्रात 2023 पासून महिलांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या स्लिपमध्ये तो कितीतरी महिने कापला जात होता, कारण स्लिप कुणी उघडूनच बघत नव्हतं. त्या हातातल्या रकमेतून ट्रेनचा पास आणि शेअर रिक्षा वजा करा. भिवंडीला जाणाऱ्यांनी तर कराच. कल्याण किंवा ठाण्याहून पुढचा रस्ता रोजचा आहे, आणि पावसाळ्यात कशेळी नाहीतर मानकोलीला कंटेनरच्या रांगेत अडकलात की गेटवर उशिराचा शिक्का तुमच्याच नावावर पडतो.

दुकानातलं काम वरून सोपं दिसतं. एसी असतो, कपडे स्वच्छ असतात, माणसं येतात-जातात. पण सगळा दिवस उभं राहावं लागतं. गिऱ्हाईक नसलं तरी उभं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काउंटरची ताई मला हळूच म्हणाली होती, "अगं, टेकू नकोस, वर कॅमेरा आहे." संध्याकाळपर्यंत पोटऱ्या दगड होतात, आणि घरी येऊन पाय भिंतीला लावून झोपणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. हा बायकांचा नाजूकपणा नव्हे. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका याच प्रश्नावर संघटित झाल्या, लढल्या आणि 2018 मध्ये तिथे कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला बसायची सोय देणं दुकानदारावर बंधनकारक झालं. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. म्हणून कुणी "बसायला इथे पगार मिळतो का" असं म्हणालं तर मान खाली घालायचं काहीच कारण नाही. बूट मात्र पहिल्या पगारातून चांगले घ्या, एक नंबर मोठे. दुपारनंतर पाय सुजतात.

कॅशला बसवलं तर सकाळचा गल्ला दुसऱ्या माणसासमोर मोजून रजिस्टरमध्ये त्याची सही घ्या. यूपीआयचं पेमेंट गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसलं म्हणून पिशवी सोडू नका, आपल्या मशीनवर आल्यावरच सोडा. गर्दीच्या वेळी लोक चिडतात, त्यांना चिडू द्या. रात्री क्लोजिंगला तूट निघाली की ती कॅशियरच्या पगारातून कापायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि स्टॉक कमी भरला तर सगळ्या फ्लोअरवर वाटून टाकतात. कायदा असं म्हणतो की ज्या मालाची किंवा पैशाची जबाबदारी त्या माणसावर सोपवली होती आणि ज्याच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं, त्याच्याकडूनच ते वसूल करता येतं, तेही त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावर. सगळ्यांवर सरसकट वाटणी हा अन्याय आहे, आणि तो मी सोसलेला आहे.

सुट्टीचंही तसंच. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, गणपतीआधीचा आठवडा, दिवाळी, ज्या दिवशी घरचे एकत्र असतात त्या दिवशी आपली डबल ड्युटी. वीक ऑफ रद्द होतो आणि "नंतर घे" म्हणतात. ते "नंतर" ग्रुपवर लिहून मागा: "सर, रविवारच्या ऑफबद्दल कॉम्प-ऑफ कधी घेऊ?" उत्तर आलं की तो तुमचा पुरावा. आठवड्याला 48 तास ही मर्यादा आहे, त्यावरच्या तासांना दुप्पट दर आहे. मुलींनी हेही लक्षात ठेवा: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षितता आणि घरी पोचवायची सोय मालकाने करायची. मॉल दहाला बंद होतो, हिशेब होईपर्यंत अकरा वाजतात. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी गाडीचं काय ते विचारा.

भिवंडीची गोष्ट वेगळी. तिथे गिऱ्हाईक नाही, अपमान करायला कुणी समोर नाही, म्हणून काहींना बरं वाटतं. मलाही सुरुवातीला वाटलं. पत्र्याखाली एप्रिल-मे मध्ये मात्र अंग भाजतं, वरच्या मजल्यावरच्या रॅकमध्ये तर हवा हलतच नाही. मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा. घरी आई आजारी असली तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळायचं नाही. सुपरवायझरचा नंबर घरच्यांना आधीच देऊन ठेवा. हातात स्कॅनर असतो, ज्याला सगळे गन म्हणतात. ती सांगेल त्या बिनकडे, म्हणजे रॅकच्या खणाकडे जायचं, माल स्कॅन करायचा, टोटमध्ये (क्रेटमध्ये) टाकायचा, पुढचा बिन. तुमच्या प्रत्येक मिनिटाची नोंद त्या गनमध्ये होते. संडासला गेलात तर तो वेळही रिकामा म्हणून दिसतो. म्हणून मुली पाणी कमी पितात, आणि मग लघवीच्या तक्रारी घेऊन डॉक्टरकडे जातात. पाणी प्या. कुठल्याही टार्गेटपेक्षा ते मोठं आहे.

टार्गेटबद्दल एक अनुभवाचं सांगते. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात जीव खाऊन पळतात, सरांनी शाबासकी द्यावी म्हणून. मग तोच आकडा तुमचा नेहमीचा धरला जातो, आणि दोन महिन्यांनी गुडघा दुखायला लागला की "आधी जमत होतं, आता का नाही" अशी विचारणा होते. रोज टिकवता येईल अशाच चालीने सुरुवात करा. शिफ्ट सुरू होताना गनची बॅटरी बघून घ्या, अर्ध्यात बंद पडली तर आकडा तुमचाच पडतो. जड माल उचलताना जोडीदार मागा.

आणि झडती. सुटताना रोज गेटवर रांग लागते, पिशवी उघडायची, डबा उघडायचा, हात वर करून उभं राहायचं. दिवसभर राबल्यावर चोर असल्यासारखं तपासून घेणं, याची सवय होते असं लोक म्हणतात. मला ती झाली नाही, आणि होऊ नये असंच वाटतं. झडतीला लागणारा वेळ ड्युटीत धरला जात नाही, ट्रेन मात्र चुकते. बाईची झडती बाईनेच घ्यायची, आडोशाला घ्यायची, एवढ्यावर तरी ठाम राहा. आम्ही चार-पाच जणींनी मिळून मागितलं तेव्हा पडदा लागला. एकटीने मागितलं असतं तर लागला नसता.

तरी दमणूक, उकाडा, झडती हे सगळं माणूस सहन करतो. सहन होत नाही ते हे, की तुमची वर्षं कुणी मोजतच नाही. तुम्ही काम करता एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये, पण तुमची नेमणूक असते ठेकेदाराकडे, ज्याचं ऑफिस तुम्ही बघितलेलंही नसतं. वर्षाने ठेकेदार बदलतो. रॅक तीच, सुपरवायझर तोच, गन तीच. फक्त आयकार्ड नवीन आणि तुम्ही पुन्हा नवखे. साठलेल्या रजा गेल्या, पगारवाढीचा हक्क गेला. जुन्या ठेकेदाराला फोन लावला की तो उचलत नाही, आणि कंपनी म्हणते, तुम्ही आमचे नाहीच.

याच आवारात गाड्या खाली करणाऱ्या माथाडी कामगारांकडे बघा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. त्यात कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे होते, मालक मजुरी आणि वरची लेव्ही (मजुरीवरची जादा रक्कम) मंडळात भरतो, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, औषधपाणी मंडळामार्फत मिळतं. मालक बदलला तरी कामगाराचं खातं तिथेच राहतं. पन्नास वर्षांपूर्वी डोक्यावर पोती वाहणाऱ्या माणसांनी जे मिळवलं, ते आज गन घेऊन पळणाऱ्या मुलांना नाही, याचा मला राग येतो.

मंडळ नाही, तोवर आपलं खातं आपणच सांभाळायचं. नेमणूकपत्र मागा, नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत ते प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. त्याच संहितांमध्ये मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे, म्हणून पत्रावर "मुदतीची नेमणूक" लिहिलंय की दुसरंच काही, ते वाचा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवा. नवा ठेकेदार नवीन काढू म्हणाला तरी जुनाच द्या, नाहीतर पीएफ चार ठिकाणी विखुरतो. उमंग ॲपवर महिन्यातून एकदा पासबुक उघडा. पगारातून कापले आणि भरले नाहीत असं सर्रास होतं. ठेकेदाराने पगारच बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती आणि नव्या संहितेतही आहे. तक्रार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, भिवंडीची असेल तर ठाण्याच्या कामगार कार्यालयात. तिथे "आम्ही काम केलं हो" एवढं पुरत नाही. हजेरीचा फोटो, स्लिप, ग्रुपवरचे मेसेज लागतात. मी रोज घरी आल्यावर वहीत आत जायची आणि सुटायची वेळ लिहायचे. ओव्हरटाइमच्या वादात त्याच वहीने पैसे मिळवून दिले.

ईएसआयसीचं कार्ड काढून घ्या आणि घरच्यांची नावं घाला. 21,000 पर्यंतच्या पगाराला ते लागू आहे. मुलुंड, कांदिवली, वरळी इथे कामगार हॉस्पिटलं आहेत. सहा महिन्यांच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. कामावर अपघात झाला तर 90 टक्के, आणि त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. पाय मुरगळला तर त्याच दिवशी अपघात रजिस्टरमध्ये लिहायला लावा. दुसऱ्या दिवशी तो घरी झालेला ठरतो.

बाहेर पडायचं कसं, यावर मला थोडंच सांगायचंय. पिकिंगवर राहिलात तर पाच वर्षांनीही पिकरच. इनवर्डला, म्हणजे येणारा माल उतरवून नोंदवायच्या कामाला, माणूस कमी असला की पुढे व्हा. तिथे बिलं, ई-वे बिल, बॅच, एक्सपायरी, स्टॉकची एंट्री शिकायला मिळते. एक्सेल बरं आलं की एमआयएसची, म्हणजे रोजचे रिपोर्ट बनवायची खुर्ची मिळू शकते. दुकानात असाल तर ऑर्डरिंग आणि स्टॉक ऑडिट शिका. शिक्षण राहिलं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी काम करत पूर्ण करता येते, अभ्यासकेंद्रं मुंबईतही आहेत. परीक्षेच्या तारखा आल्या की रजेचा अर्ज लगेच टाका, दिवाळी सेलच्या आधी. आणि जून व डिसेंबरच्या स्लिपमध्ये कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसेल. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते, त्यातून ग्रंथालयं आणि कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालतात. पैसे तुमचे जातायत, तर जवळचं केंद्र शोधून वापरा.

सोडायचं ठरलं की रागाने उद्यापासून दांडी मारू नका. ईमेलवर राजीनामा द्या, आयकार्ड आणि टी-शर्ट परत केल्याची पोच घ्या, अनुभवपत्र मागा. हिशेबाचे पैसे सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असतात, ठेकेदार दोन महिने लावतो. मेसेज करत राहा. पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख त्याने टाकली नाही, तर शेवटची वर्गणी भरल्यापासून दोन महिन्यांनी यूएएनच्या पोर्टलवर ती तुम्हाला स्वतःला टाकता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, म्हणून जुनं सिम बंद करायची घाई करू नका.