एंडोमेट्रिओसिस आणि बाळाचे प्रयत्न: आधी दुखणं की आधी बाळ, हे दोघांनी बसून ठरवा

एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढायचा आजार) असेल आणि बाळासाठी प्रयत्न चालू असतील तर घरात खरं तर दोन प्रश्न असतात, एक तिचं दुखणं आणि दुसरा बाळ. आपल्याकडं, बेळगाव-खानापूर-निपाणी भागात तरी, पहिला प्रश्न कुणाला दिसतच नाही. पाळीत पोट दुखणारच, सगळ्यांचंच दुखतंय की, एक मूल झालं की जाईल, एवढ्यावर विषय संपतो. पण या दोन प्रश्नांचे उपाय एकमेकांच्या आड येतात. दुखणं कमी करायला डायनोजेस्टसारख्या ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात त्या चालू असताना दिवस राहायची आशा धरता येत नाही, आणि बाळासाठी गोळ्या बंद केल्या की दुखणं परत डोकं वर काढतं. म्हणजे प्रयत्नाचा प्रत्येक महिना तिनं दुखणं अंगावर काढायचा महिना असतो. हे नवऱ्याला नीट कळलेलं नसतं, तिला वाटतं त्याला कळतंय पण पर्वा नाही, आणि बरीचशी भांडणं इथनंच सुरू होतात.

म्हणून पहिलं काम डॉक्टर शोधायचं नाही, पहिलं काम दोघांनी एकदा नीट बसायचं. एकत्र कुटुंबात घरात बोलायला जागा नसते, भिंतीपलीकडं सासूबाई, दारात दीर, मग गाडी काढा आणि किल्ला तलावावर किंवा राजहंसगडाकडं जाऊन या, तासभर मिळाला तरी पुष्कळ. पाळीच्या दिवसांत हे बोलणं नको, आणि 'आजची तारीख आहे' त्या रात्री तर अजिबात नको. तिनं आधी सांगायचं, दुखतंय कुठं, किती, संबंधावेळी दुखतं का, शौचाला जाताना दुखतं का, कामावर किती खाडे होतात. त्यानं फक्त ऐकायचं, उपाय सांगायची घाई करायची नाही. मग ठरवायचं की आत्ता पुढचे काही महिने कशाला पहिला नंबर. उदाहरणार्थ, सहा महिने प्रयत्न करू, दुखणं सहन होईना झालं तर तू म्हणशील तेव्हा थांबून डॉक्टरांशी बोलून गोळ्या घेऊ, सहा महिन्यांनी परत बसून बघू. 'तू म्हणशील तेव्हा' हे शब्द महत्त्वाचे आहेत कारण शरीर तिचं आहे. वय ३५ च्या पुढं असेल तर थांबण्याची किंमत जास्त पडते हेही त्याच वेळी उघड बोलून घ्या, नंतर एकमेकांवर ढकलायला नको.

आजार थोडक्यात सांगते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, अंडाशयावर, गर्भनळ्यांच्या आसपास, कधी आतड्यावर वाढतं, तिथं सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ झाली की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार असतो, म्हणजे तुमच्या गल्लीतही कुणीतरी आहेच. स्टेज (आजार किती पसरलाय त्याचा टप्पा, एक ते चार) आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही, पहिल्या स्टेजला लोळायला लावणारं दुखणं असू शकतं आणि चौथ्या स्टेजला काहीच नाही, त्यामुळं 'रिपोर्टमध्ये तर थोडंच आहे' असं म्हणून तिला खोटं पाडू नका. आणि हा आजार म्हणजे बाळ होणारच नाही असं नाही, बऱ्याच जणींना आपोआप दिवस राहतात, काहींना मदत लागते. मात्र बाळ झाल्यावर आजार कायमचा जातो हेही खरं नाही.

आता तपासण्या. पहिली तपासणी नवऱ्याची. हे मी मुद्दाम आधी लिहितेय कारण आपल्याकडं बाईचे दोन-तीन सोनोग्राफी रिपोर्ट, दुर्बिणीचं ऑपरेशनसुद्धा होऊन जातं आणि त्याची वीर्यतपासणी झालेलीच नसते. ती स्वस्त आहे, त्यात दुखत नाही, आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे एवढंच पथ्य. एक रिपोर्ट खराब आला तर तो लगेच शेवटचा धरू नका, काही आठवड्यांनी परत करतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात त्यामुळं तंबाखू-गुटखा आज सोडला तर फरक तेव्हा दिसेल. आपला भाग तंबाखूचा, सोडणं जड जातं हे माहीत आहे, पण ती दर महिन्याला जे सोसते त्याच्यापुढं हे त्याच्या वाट्याचं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

तिच्यासाठी साधारण एएमएच, थायरॉईड, चांगल्या माणसाकडनं सोनोग्राफी आणि नळ्या उघड्या आहेत का ते बघायची एचएसजी. एएमएचवरनं अंड्यांचा साठा किती ते कळतं, अंडी चांगली की वाईट ते नाही, आकडा कमी आला म्हणून रडत घरी येऊ नका. सीए-१२५ च्या रक्ततपासणीवर एंडोमेट्रिओसिस आहे की नाही हे ठरत नाही. फोलिक अ‍ॅसिड प्रयत्न सुरू करायच्या आधीपासनं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, डॉक्टर जास्त सांगतील तर तेवढं. एरवी ३५ च्या आत असाल तर डॉक्टरांकडं जायच्या आधी वर्षभर प्रयत्न करून बघा म्हणतात, ३५ च्या पुढं सहा महिने, पण एंडोमेट्रिओसिस आधीच माहीत असेल तर एवढं थांबायची गरज नाही, सुरुवातीलाच एकदा भेटून घ्या.

ऑपरेशनचा विषय निघाला की एकच प्रश्न आधी विचारा: हे दुखण्यासाठी करायचं की बाळासाठी? उत्तर वेगवेगळं असतं. आजार सौम्य असेल तर दुर्बिणीनं साफ केल्यावर आपोआप दिवस राहायची शक्यता वाढू शकते. पण चॉकलेट सिस्ट काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो आणि अंड्यांचा साठा कमी होऊ शकतो, दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनला तर जास्तच. म्हणून एएमएच ऑपरेशनच्या आधी करा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या एश्रे या संस्थेनं २०२२ मध्ये जे मार्गदर्शन दिलं त्यात नुसतं आयव्हीएफचं (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात ठेवायचा उपचार) यश वाढावं म्हणून सरसकट आधी सिस्टचं ऑपरेशन करू नका असं आहे, आणि बाळ राहावं म्हणून काही महिने हार्मोनच्या गोळ्या देऊन आजार दाबून ठेवण्याचाही फायदा नाही असं आहे. दुखणं फार असेल, गाठ मोठी असेल तर ऑपरेशन दुखण्यासाठी करायला पूर्ण हरकत नाही, तेवढंच कारणही पुरेसं आहे. पण ते झाल्यावर किती महिने आपापले प्रयत्न करायचे आणि कधी आयव्हीएफकडं वळायचं हे डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या, तो काळ असाच वाया जाऊ देऊ नका. सौम्य आजार आणि उघड्या नळ्या असतील तर आययूआय (शुक्राणू बारीक नळीनं थेट गर्भाशयात सोडायचे) आधी सांगतात, नळ्या बंद, आजार जास्त किंवा वय पुढं असेल तर सरळ आयव्हीएफ.

आपल्या भागातली माणसं बेळगावात केएलई किंवा बिम्सला, नाहीतर मिरज, कोल्हापूर, हुबळीला जातात. कुठंही जा पण फाईल एक ठेवा, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा, दुसरं मत घ्यायचं तर हीच फाईल घेऊन जा, नाहीतर प्रत्येक ठिकाणी परत पहिल्यापासनं सगळं. सोबत कोण जाणार हे आधी ठरवा. कन्नड नीट येत नाही म्हणून दिराला किंवा सासऱ्यांना नेलं तर संबंधावेळी दुखतं हे ती त्यांच्यासमोर कधीच सांगणार नाही आणि डॉक्टरांना अर्धीच गोष्ट कळणार. कन्नड येणारी बहीण, मैत्रीण न्या, नाहीतर घरीच कागदावर लिहून न्या आणि कागद पुढं करा.

खर्च लेखी मागा, इंजेक्शन धरून की सोडून ते विचारा. २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) आयव्हीएफ करणाऱ्या केंद्राची नोंदणी असावी लागते, नंबर विचारायला लाजू नका. याच कायद्यात बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. बहुतेक मेडिक्लेम वंध्यत्वाच्या उपचाराला पैसे देत नाहीत, पण एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन हा आजाराचा उपचार आहे, म्हणून दोन्हीची चौकशी वेगवेगळी करा. आणि किती पैसे लावायचे, कर्ज काढायचं का, तिचं सोनं मोडायचं का, हे आयव्हीएफच्या आधी बोला, मध्ये अडकल्यावर नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते. या आजारात संबंधावेळी आत खोल दुखतं, आणि बाळासाठी संबंध तर हवेत, मग ती दात आवळून सोसते, त्याला ते जाणवतं, त्याचंही मन उडतं, दोघंही एकमेकांना टाळायला लागतात. याला उपाय आहे. महिनाभर जबरदस्ती करायची गरजच नसते, दिवस राहायची शक्यता असते ती साधारण सहा दिवसांत, अंडं सुटायच्या आधीचे पाच आणि तो एक. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, अंडं जेमतेम एक दिवस. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी अंडं सुटतं, पाळी २८ दिवसांची असेल तर नवव्या ते चौदाव्या दिवसात एक दिवसाआड पुरे झालं. पाळी मागंपुढं होत असेल तर मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं, किंवा डॉक्टर सोनोग्राफीनं बघून सांगतात. ती वर असेल किंवा कुशीवर असाल तर किती आत जायचं ते तिच्या हातात राहतं, दुखणं कमी होतं. ती थांब म्हणाली की थांबायचं, त्या महिन्याची तारीख गेली तर जाऊ दे. लाळ आणि बाजारातली बरीच जेल शुक्राणूंना अडथळा करतात, चालणारं जेल कुठलं ते डॉक्टरांना विचारा. तारखेच्या दडपणानं कधी त्यालाही जमत नाही, तेव्हा टोमणा मारू नका, तो अपमान बरेच दिवस राहतो. आणि दुखणं फारच असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून आययूआयबद्दल विचारा, दुखणं हेही कारण चालतं. बाकीच्या दिवसांत नुसतं जवळ बसणं, पाठ चोळून देणं, यापुढं काही होणार नाही याची तिला खात्री असेल असं, हे मला फार गरजेचं वाटतं.

पोटदुखीच्या मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या अंडं सुटायच्या दिवसांत घेतल्या तर अंडं सुटण्यात अडथळा येऊ शकतो, पाळीच्या दिवसांत कुठली आणि मधल्या दिवसांत कुठली हे डॉक्टरांकडनं लिहून घ्या. पुडीतली, लेबल नसलेली औषधं नकोत, कोण कितीही खात्रीनं देऊ दे.

घरच्यांशी कोण बोलणार? ज्याची आई त्यानं बोलायचं. सुनेनं सासूला सांगितलं की ते उत्तर देणं होतं, मुलानं सांगितलं की ती माहिती होते. असं काहीतरी म्हणा: "आई, आमची ट्रीटमेंट चालू आहे, काही झालं की पहिलं तुलाच सांगणार, तोवर तिला काही विचारू नको, काय विचारायचं ते मला विचार." आणि परत विचारलं तर परत हेच, न चिडता. डोहाळजेवण, बारसं, ओटी भरायचा कार्यक्रम, जिथं मूल नसलेल्या बाईला अजूनही बाजूला बसवतात, तिथं जायचं की नाही हे तिनं ठरवायचं आणि नाही म्हणायचं काम त्यानं करायचं. सौंदत्तीला यल्लम्माला, जोतिबाला जाऊन या, मनाला आधार मिळतो, फक्त इंजेक्शनची आणि स्कॅनची तारीख बघून जा.

दुसऱ्या लग्नाची भाषा निघाली तर ती तिथल्या तिथं थांबवा. पहिली बायको असताना दुसरं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं चालत नाही, आणि मूल होत नाही हे काही घटस्फोटाचं कारण नाही. मारहाण, छळ होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाईनला फोन करा.

पाळी आली तो दिवस सगळ्यात अवघड, दुखणंही त्याच दिवशी आणि निराशाही. त्या दिवसासाठी आधीच ठरवून ठेवा, स्वयंपाक कोण करणार, गरम पाण्याची पिशवी कुठं, त्या दिवशी पुढच्या महिन्याचं काही बोलायचं नाही. तो गप्प असतो म्हणजे त्याला काही वाटत नाही असं नसतं, पण त्यानं एक वाक्य तरी बोलावं, "मलाही वाईट वाटतंय" एवढं पुरतं. दोघांपैकी कुणाचंही मन फारच खचत असेल, झोप-जेवण सुटलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आनंद करा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. या आजारात गर्भ नळीत राहायचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात स्कॅन करून गर्भ जागेवर आहे ना ते बघून घ्या. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली, रक्त गेलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

आणि ठरवलेले महिने संपले, परत बसलात, आणि दोघांचं मत पडलं की आता पुरे, तर तसंही चालतं. दत्तक घ्यायचं मनात असेल तर कारा या दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते, लग्नाला निदान दोन वर्षं झालेली असावी लागतात, थांबावं बरंच लागतं म्हणून नाव लवकर घाला. पण प्रयत्न थांबवले की तिच्या दुखण्याचे उपचार त्याच आठवड्यात परत सुरू करा. बाळाचा विषय संपला म्हणून डॉक्टरकडं जाणं बंद होतं आणि ती पुढची दहा वर्षं तशीच कळा सोसत बसते, असं आपल्याकडं फार घरांत होतं. त्या अपॉइंटमेंटलाही नवऱ्यानं सोबत जायचं.