उघड्या टपाची मॉरिस मायनर: घेण्याआधी काय तपासलं

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात ही जुनी ब्रिटिश गाडी ताडपत्रीखाली उभी होती. सलून म्हणजे पक्क्या छताची गाडी कापून उघडी केलेल्या मायनर बऱ्याच फिरतात, म्हणून आधी बॉनेटखालची, कारखान्याने दिलेल्या नंबरची पट्टी पाहिली. १९५८ नंतरच्या गाडीत सुरुवात ‘एमएटी’ हवी. ‘टी’ म्हणजे टूरर, उघड्या टपाची गाडी. पट्टी बदलता येते, त्यामुळे इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्यातल्या नोंदींचा दाखला मागवला. तो जुळला तेव्हा फार आनंद झाला!

पत्र्याचं काम मोठं निघालं. मायनरला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही आणि इथे वर छतही नाही, म्हणजे सगळा भार दाराखालच्या पत्र्यावर. सातपूरच्या वेल्डरकाकांनी गाडी जॅकवर घेताच दाराची फट वरून आवळली. पत्रा आतून सडला होता. “दादा, रंग नंतर,” काका म्हणाले. दारं जागेवर ठेवून, आतून आधार देऊनच वेल्डिंग केलं. नाहीतर बॉडी वाकते.

कागद मात्र विकणाऱ्यांच्या दिवंगत आजोबांच्या नावावर. आरटीओतून नोंदीचा उतारा काढला, सर्व वारसांची संमती घेतली. फॉर्म ३१ भरून गाडी आधी नातवाच्या नावावर झाली, मग २९ आणि ३० भरून माझ्या.