ट्रायकोकार्ड लावताय? या चुका टाळा

उसात पोंगेमर (खोडकिडीमुळे मधला पोंगा वाळणं) दिसली की धावतपळत ट्रायकोकार्ड आणायची, ही सगळ्यात मोठी चूक. या कार्डावर चिकटवलेल्या अंड्यांतून ट्रायकोग्रामा माश्या बाहेर पडतात. ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी. ती खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, अळीच्या वाटेला जात नाही. पोंगा वाळला म्हणजे अळी आत शिरून बसलेली. त्या पिढीपुरता उशीर झालाच.

दुसरी चूक हिशेबाची, आणि ती जाणकारही करतात. कीड दुप्पट झाली की माशीही दुप्पट काम करेल, असं आपण धरून चालतो. पानावर अंडी वाढली की एका मादीचं काम सुरुवातीला वाढतं खरं, पण पुढे अडतं. सापडलेल्या प्रत्येक अंड्यावर ती फिरते, मिशांनी चाचपते, मग भोक पाडून अंडं घालते. यात वेळ जातो. पोटातली अंडी मोजकी, आयुष्य काही दिवसांचं. कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ हॉलिंग यांनी १९५९ मध्ये हे गणित मांडलं, तेही मदतनिसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून टेबलावरच्या सँडपेपरच्या चकत्या उचलायला लावून! चकत्या कितीही पसरा, एक उचलून बाजूला ठेवायला वेळ तेवढाच लागतो.

म्हणून नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. माशीनं अंडं घातलं की किडीचं अंडं काळं पडतं. समजा, १० पैकी ८ अंडी काळी पडली, तर ८० टक्के. १०० पैकी ३० काळी पडली, तर ३० टक्केच. पण माश्यांनी काम जवळपास चौपट केलेलं असतं. तरी शिव्या कार्डाला! अर्थात उरलेल्या ७० अंड्यांतून अळ्या निघणारच, त्यामुळे अंडी थोडी असतानाच माश्या सोडलेल्या बऱ्या. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारा सापळा) खोडकिडीचे पतंग दिसू लागले की पहिलं कार्ड लावा, मग दर ७ ते १० दिवसांनी पुन्हा. शेतात माशीची नवी पिढी तयार व्हायलाही साधारण एवढेच दिवस जातात, तोवर कीड पुढे निघून जाते.

पण पतंगच नसताना घाई केली, तर अंडी न सापडताच माश्या मरतात.

बाकी नेहमीचंच: कार्ड कापून पट्ट्या शेतभर पानांखाली टाचा, कारण ही माशी फार लांब जात नाही. संध्याकाळी लावा, मुंग्यांवर लक्ष ठेवा. आणि त्याच आठवड्यात कीटकनाशक फवारणार असाल, तर कार्डाचे पैसे वाचवा.