क्रोशाचे तुकडे जोडून ब्लँकेट करताना या चुका टाळा

तुकडे जोडून केलेल्या ब्लँकेटमधला बिघाड दिसतो जोडताना, पण तो झालेला असतो त्याच्या कितीतरी आधी, बहुधा पहिल्या दहा-वीस तुकड्यांतच. दोन चौकोन शेजारी ठेवले की एकाची कड दुसऱ्यापेक्षा लांब निघते, ती ओढूनताणून बसवली की शिवणीला चुण्या पडतात आणि दोष मात्र जोडणीच्या पद्धतीला दिला जातो. म्हणून इथे जोडणीपेक्षा तुकड्यांविषयीच जास्त लिहिले आहे.

माझ्या पहिल्या ब्लँकेटचे 96 चौकोन मी सात महिने विणत होते. शेवटचा चौकोन सहज पहिल्या चौकोनावर ठेवला, तेव्हा पहिला 13 सेंटिमीटरचा आणि शेवटचा साडेचौदाचा असल्याचे लक्षात आले. क्रोशाची सुई तीच 4 मिलिमीटरची होती, लोकरही तीच होती. सैल झाला होता तो हात. नमुना वाचत, टाके मोजत घट्ट विणणारा हात सरावाने मोकळा होतो, आणि हे विणणाऱ्याला स्वतःला कळत नाही. शेवटी लहान चौकोनांची बाहेरची फेरी उसवून ती साडेचार मिलिमीटरच्या सुईने आणि मोठ्यांची साडेतीनच्या सुईने पुन्हा विणली. टाक्यांची संख्या तीच राहिली, कडेची लांबी तेवढी बदलली, आणि उरलेला थोडा फरक जोडणीत जिरला. हा उपाय चालतो, पण पहिला चांगला जमलेला चौकोन नमुना म्हणून बाजूला ठेवून दर दहावा तुकडा त्याच्यावर ठेवून पाहणे कितीतरी सोपे आहे.

मापानंतर मोजणी येते. नेहमीच्या ग्रॅनी स्क्वेअरमध्ये, म्हणजे मध्यापासून बाहेर फेऱ्या घेत विणलेल्या चौकोनात, तीन-तीन खांबांचे (उंच टाक्यांचे) गट असतात आणि प्रत्येक फेरीत चार गट वाढतात, त्यामुळे पहिल्या फेरीत 12, दुसरीत 24 आणि चौथीत 48 खांब यायला हवेत. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरलेला असतो. तो न धरता तिथेच पुन्हा तीन खांब घातले की तो एक गट चार खांबांचा होतो, आणि त्या बाजूची कड पुढे फुगत जाते. चौकोनाच्या तीन बाजू सरळ आणि एक पोटासारखी पुढे आलेली दिसली, तर आधी फेरीची सुरुवात तपासावी.

षटकोनाचा तुकडा टेबलावर सपाट बसत नसेल, तर वाढ कमी किंवा जास्त झाली आहे. खांब साधारणपणे रुंदीच्या दुप्पट उंच असतो. त्यामुळे एका फेरीने त्रिज्या जेवढी वाढते, तेवढ्या प्रमाणात परीघ वाढवायला दर फेरीला सुमारे 12 खांब जास्त लागतात. म्हणजे षटकोनाच्या सहा कोनांपैकी प्रत्येकात दोन खांबांची वाढ हवी. मुक्या खांबाची, म्हणजे ठेंगण्या टाक्याची, उंची आणि रुंदी जवळपास सारखी असल्याने तिथे सहाच पुरतात. कडा वर उचलून वाटीसारखा आकार झाला तर वाढ कमी पडली आहे आणि कडेला झालर आली तर ती जास्त झाली आहे. पुढे सरळ होईल या आशेवर तसेच विणत राहू नये. ते सरळ होत नाही, मी पाहिले आहे.

इंग्रजी नमुना वाचून विणणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. अमेरिकी नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, पण ब्रिटिश नमुन्यात त्याच टाक्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकी ‘डबल’ हा आपला साधा खांब, आणि ब्रिटिश पुस्तकात तो ‘ट्रेबल’ असतो. नमुन्यात कुठेही ‘सिंगल’ हा शब्द आला, तर तो अमेरिकी पद्धतीचा आहे असे समजावे. अर्धे तुकडे एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने विणले गेले, तर ते कोणत्याही शिवणीने जुळत नाहीत.

किती तुकडे लागतील याचा हिशेब चौकोनांसाठी सरळ आहे, षटकोनांसाठी नाही. एका कोनापासून समोरच्या कोनापर्यंत 14 सेंटिमीटर भरणारे षटकोन, कोन वर ठेवून, 15 ओळींत लावले तर लांबी 210 सेंटिमीटर होईल असे वाटते. प्रत्यक्षात वरची ओळ खालच्या ओळीच्या खाचांत शिरते, त्यामुळे पहिल्या ओळीनंतरची प्रत्येक ओळ साडेदहा सेंटिमीटरच देते आणि लांबी 161 वर थांबते. पाय उघडे राहतील एवढा हा फरक आहे. नियमित आकारांपैकी त्रिकोण, चौकोन आणि षटकोन हे तीनच, एकटे वापरले तरी, मध्ये फट न ठेवता जुळतात. अष्टकोन घेतले तर मध्ये चौकोनी जागा उरते आणि तिच्यासाठी लहान चौकोन वेगळे विणावे लागतात, हे लोकर घेण्याआधीच ठरवलेले बरे.

लोकरीचा अंदाजही एका तुकड्यावरून करावा. तयार तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा. तो 14 ग्रॅमचा भरला, तर 120 तुकड्यांना 1680 ग्रॅम लोकर लागेल, आणि जोडणी व किनारीसाठी आणखी किमान दहा टक्के धरावी. सगळे गुंडे एकदम घ्यावेत आणि वेष्टनावरचा लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, सारखा आहे ना, ते पाहावे. नंतर आणलेला पांढरा पहिल्या पांढऱ्याशेजारी बसला की पिवळट दिसतो.

आता जोडणी. तुकडे सपाट करून घ्यावेत, पण लोकर म्हणून मिळणारा गुंडा बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो आणि त्यावर इस्त्री टेकवली की वीण कायमची लुळी पडते. इस्त्री दोन बोटे वर धरून नुसती वाफ द्यावी आणि तुकडा टाचण्यांवर थंड होऊ द्यावा. खरी लोकर असेल तर ती ओली करून, मापात टाचून वाळवावी.

जोडताना कडेचे टाके दोन्ही तुकड्यांवर मोजून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, टाक्याला टाका असेच जोडावे. सरकत्या टाक्याने (स्लिप स्टिचने) जोडणाऱ्यांचा हात हमखास घट्ट होतो, कारण हा टाका मुळातच ताणत नाही. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी. शिवणीचा उंचवटा नको असेल तर टाक्याच्या वरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागचा उचलून जोडावे. मुक्या खांबाने जोडल्यास उभी धार येते, ती काहींना आवडते, मला पाठीखाली टोचते. चौकोन एकेक करून चिकटवत जाऊ नयेत. आधी सगळ्या आडव्या शिवणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग घ्याव्यात, मग उभ्या. जिथे चार कोपरे भेटतात तिथे दोरा न तोडता एक साखळी घालून पलीकडे जावे, नाहीतर तिथे बोट जाईल एवढे भोक राहते. षटकोनांना सरळ शिवण मिळतच नाही, म्हणून त्यांच्या आधी पट्ट्या कराव्यात आणि त्या नागमोडी कडेने एकमेकींना जोडाव्यात.

टोकांना गाठ मारून कापणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे, कारण गाठ धुण्यात सुटते आणि मधूनच वीण उसवू लागते. प्रत्येक टोक किमान 15 सेंटिमीटर ठेवून बोथट सुईने एकदा पुढे, एकदा मागे आणि पुन्हा पुढे ओवावे. चार रंगांच्या एका चौकोनाची आठ टोके होतात, 96 चौकोनांची 768; ती रोजच्या रोज लपवावीत.

किनार षटकोनी ब्लँकेटवर जास्त बिघडते. कडेला टोके आणि खाचा आलटूनपालटून येतात, म्हणून टोकावर एकाच जागी तीन टाके घालावेत आणि खाचेत दोन टाके एकत्र काढावेत. खाचेतली ही घट विसरली, तर पहिल्याच फेरीत तिथे पुंजके उभे राहतात, आणि तेव्हा पुढची फेरी न घेता ती एकच फेरी उसवावी.