इंदूरमध्ये वीज वाचवायची तर आधी नळाकडे बघा

वीज वाचवायची म्हटलं की आपण दिवे मालवत घरभर फिरतो. घरात एलईडी आल्यापासून त्यातून फारसं काही हाती लागत नाही. इंदूरकरांनी सुरुवात पाण्यापासून करावी. आपलं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून येतं, साधारण ७० किलोमीटर लांबून, सुमारे ४०० मीटर वर चढून. हजार लिटरची एक टाकी एवढ्या उंचीवर आणायला, पंपात वाया जाणारी वीज सोडली तरी, १ युनिटच्या वर वीज लागते. आपल्या बिलात ती दिसत नाही, नगर निगमच्या बिलात दिसते. म्हणून तर २०२३ मध्ये निगमने जलूदच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले.

तेव्हा पहिलं काम गळती शोधणं. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत वाटीभर बिटाचं पाणी ओता आणि फ्लश न करता सोडा. सकाळी कमोडच्या भांड्यात गुलाबी झाक दिसली तर आतला वॉशर गेला म्हणून समजा. गच्चीवरची टाकी भरून वाहत असेल तर फ्लोट वॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा नळ, बसवून घ्या. आरओ एक लिटर पाणी देताना सहसा त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी टाकून देतो. त्याची नळी बादलीत सोडा, फरशी पुसायला ते चालतं. कुंड्यांना मात्र रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

मग मीटरकडे वळा. त्यावरचा लाल दिवा जितका भरभर लुकलुकतो, तितकी वीज जास्त. घरातलं एकेक उपकरण बंद-चालू करत तो बघायचा, आणि हे काम मुलांना द्यायचं, त्यांना मजा येते. गीझर लावला की दिव्याला दम खायला वेळ मिळत नाही. १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागतं. म्हणून आंघोळी पाठोपाठ उरका. एकाची सातला, दुसऱ्याची नऊला, असं केलं की मधल्या वेळात तापलेलं पाणी निवत बसतं.

स्वयंपाकघरात नवं काही सांगायला नको. डाळ भिजवा, कुकरमध्ये वरण, भात, बटाटे एकदमच लावा, शिट्टी झाली की गॅस बारीक करा. सालं-देठं ओल्या कचऱ्यात टाका, पण पिशवीसकट नव्हे! देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात त्यापासून बायो-सीएनजी, म्हणजे गाडीत चालणारा गॅस, बनतो आणि त्यावर शहरातल्या बस धावतात.

उन्हाळ्यात माळव्याच्या गार रात्रीचा फायदा घ्या. दिवसा दहानंतर पश्चिमेच्या खिडक्या, पडदे बंद. ऊन उतरलं की समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला की वरच्या मजल्याला लगेच फरक जाणवतो. एसी लागलाच तर २४ वर ठेवा. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि पंखा सोबत असेल तर २६ सुद्धा चालतं.

राहता राहिला पंखा. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर महिन्याला १६ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची घाई करू नका. रात्रभर फिरतो तो आधी, पाहुण्यांच्या खोलीतला सगळ्यात शेवटी.