सांकेतिक चिठ्ठी आणि सहा संशयित: गणिती खून-रहस्य कसं सोडवावं

खून-रहस्याचं कोडं हातात पडलं की बहुतेक जण आधी संशयितांची वर्णनं वाचत बसतात. भाच्याचा मालमत्तेवर डोळा होता ना, मग भाचाच! वाचायला मिळणारे सल्लेही हेच सांगतात: हेतू शोधा, माणूस ओळखा. गणिती कोड्यात हा सल्ला कुचकामी आहे. रचणारा प्रत्येक संशयिताला काही ना काही हेतू देतोच, ती नुसती सजावट असते. आकडे एवढंच सांगतात की अमुक माणूस गुन्हेगार असू शकत नाही. एकेक नाव खोडत जा, जो उरेल तो खुनी. यापलीकडे कुणाचं काही ऐकू नका.

सुट्टीत मुलांना आणि त्यांच्या पालकांना मी अशी कोडी घालतो. त्यासाठी रचलेलं एक कोडंच इथे उदाहरणाला घेतो.

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, जानेवारीची थंडी. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याचे मालक रात्री दोन वाजता स्वतःच्या ऑफिसात मृतावस्थेत सापडतात. ऑफिसला बाहेरून कुलूप, चावी गायब. संशयित सहा: मुनीम, दलाल, रंगारी, वॉचमन, जॉबर (कामगारांवरचा मुकादम) आणि मालकांचा भाचा. हाताशी आहेत मृतदेहाच्या तापमानाच्या दोन नोंदी, एक फोटो, दाराखालून सरकवलेली निनावी चिठ्ठी, आकड्यांच्या कुलपाची तिजोरी आणि तिघांचे जबाब. या प्रकारात एक संकेत ठरलेला असतो: कागदपत्रं खरं बोलतात, माणसं खोटं बोलू शकतात.

तक्ता

नावं उभी, पुरावे आडवे, हातात पेन्सिल. फुली मारताना ती कोणत्या पुराव्यावरून मारली तेही शेजारी लिहा.

खुनाची वेळ

वेळ आधी काढा, कारण बाकीचे निम्मे पुरावे वेळेवर टांगलेले असतात. खोलीचं तापमान रात्रभर २१ अंश सेल्सियस. मृतदेहाचं तापमान रात्री दोनला २९, पहाटे सहाला २५. इथे तापमान बघायचं नाही, खोलीशी असलेला फरक बघायचा. फरक ८ वरून ४ वर आला, म्हणजे चार तासांत निम्मा झाला. वस्तू थंड होण्याच्या न्यूटनच्या नियमाप्रमाणे तो दर चार तासांनी निम्मा होत राहतो. जिवंतपणी शरीर ३७ अंशांवर, म्हणजे फरक १६. सोळाचे आठ व्हायला चार तास. खून रात्री दहाला.

'दर तासाला दीड अंश' हा ठोकताळा बरेच जण डोळे झाकून वापरतात. तो फॅरनहाइटचा आहे. सेल्सियसच्या आकड्यांवर लावलात तर वेळ निघते आठ चाळीस, आणि कोडं तिथेच फसतं. कारण भाचा साडेनऊच्या बार्शी एसटीत बसलेला आहे आणि तिकिटावर वेळ छापलेली आहे. खून दहाचा असेल तर तो सुटतो, आठ चाळीसचा असेल तर सुटत नाही.

कोडं मे महिन्यातलं, पत्र्याच्या शेडमधलं असेल तर आणखी सावध राहा. सोलापुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. बेचाळीस अंशांच्या शेडमध्ये ३७ अंशांचा देह गार होणार नाही, उलट तापेल. थंड देशातलं कोडं नुसती नावं बदलून इथे आणलेलं असलं की ही चूक हमखास सापडते. तशा कोड्यात वेळेचा पुरावा बाजूला ठेवून पुढे चला.

फोटो

चहाच्या हॉटेलात बसलेल्या दलालाचा फोटो आहे, मागच्या घड्याळात दोन वाजलेत. पण शर्टाचा खिसा, जो एरवी घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो, तो त्याच्या उजव्या बाजूला दिसतो. म्हणजे फोटो आरशातला आहे. ११ वाजून ६० मिनिटांतून दिसणारी वेळ वजा करा: १०:००. दलाल सुटला.

चिठ्ठी

लोक अडतात ते इथे. मीही सगळ्यात जास्त याच पायरीवर अडत असे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

चिठ्ठीत एवढंच लिहिलंय:

झासी सिखिशीध आखे

संकेतलिपीबद्दलचे बहुतेक सल्ले रोमन लिपीच्या २६ अक्षरांसाठी असतात. ज्युलियस सीझर अक्षर तीन घरं सरकवून गुप्त मजकूर लिहायचा. ती रीत रोमन लिपीत सरळ चालते, कारण काय सरकवायचं आणि घरं किती, याबद्दल तिथे वाद नाही. देवनागरीत हे दोन्ही प्रश्न आधी सोडवावे लागतात. ते न सोडवता नुसते 'तीन मागे, चार मागे' करून बघणारे तासभर कागद भरतात आणि शेवटी चिठ्ठीच चुकीची आहे म्हणतात.

सरकवलंय काय? मराठीत रचणारे सहसा व्यंजन सरकवतात आणि काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी ठेवतात. सुटा स्वरही तसाच राहतो. त्यामुळे चिठ्ठी मोठ्यानं वाचता येते, फक्त अर्थ लागत नाही. आपली चिठ्ठी तशीच आहे. जोडाक्षरात दोन्ही व्यंजनं वेगवेगळी सरकतात. 'रस्ता' तीन घरं पुढे सरकला की 'शक्धा' होतो. असं जिभेला न वळणारं जोडाक्षर दिसलं तर घाबरू नका. व्यंजनं सरकवली आहेत, याचीच ती खूण.

पुढचा मोह म्हणजे कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीनं ही पद्धत लिहून ठेवली आणि ती अस्सल आहे, पण तिला लांब मजकूर लागतो. आपल्या चिठ्ठीत व्यंजनं आहेत सात. सात व्यंजनांत मोजणार काय? छोट्या चिठ्ठीत वाक्याची शेपटी धरा. मराठी वाक्य 'आहे', 'नाही', 'होता', 'केला' अशा शब्दांवर संपतं. इथे शेवटच्या शब्दात सुटा 'आ' आणि त्यानंतर एक मात्रा असलेलं एकच व्यंजन. 'आहे' सोडून दुसरं काय असणार? म्हणजे 'ह'चा 'ख' झालाय.

आता घरं मोजा:

क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व श ष स ह ळ

क पहिला, म पंचविसावा, ह तेहेतिसावा, ळ चौतिसावा. काही रचणारे पुढे क्ष आणि ज्ञ धरून छत्तीस करतात. संस्कृतच्या सवयीनं ळ वगळणाऱ्यांची घरं तेहेतीसच. 'ह'वरून 'ख'वर यायला चौतीस घरांत तीन पावलं लागतात, छत्तीस घरांत पाच, तेहेतीस घरांत दोन. म्हणजे एकाच अंदाजातून तीन किल्ल्या निघतात आणि तिन्ही करून बघाव्या लागतात.

तेहेतीस घरं, दोन मागे: 'झासी'चं 'छाशी'. सोडून द्या.

छत्तीस घरं, पाच मागे: 'झासी'चं 'घारी'. इथे मुलं ओरडतात, सुटलं! घारी आहे! तळ्यावर घिरट्या घालणाऱ्या घारींपासून तळलेल्या घाऱ्यांपर्यंत तर्क धावायला लागतात. थांबा. तीच किल्ली दुसऱ्या शब्दाला लावा. 'सिखिशीध'चं होतं 'रिहिमीढ'. हा कुठलाच शब्द नाही, म्हणजे किल्ली चुकीची.

चौतीस घरं, तीन मागे: 'झासी'चं 'चावी', 'सिखिशीध'चं 'विहिरीत'. चावी विहिरीत आहे.

एक शब्द जुळला म्हणून किल्ली खरी मानायची नाही, हे मी प्रत्येक गटाला निक्षून सांगतो. दोन अक्षरी शब्द योगायोगानं सहज जुळतात, चार अक्षरी सहसा जुळत नाहीत. म्हणून किल्ली नेहमी सगळ्यात लांब शब्दावर पारखा. ज्यांना पहिल्या जुळलेल्या शब्दाचा मोह आवरत नाही, ते पुढे 'घारी' खरं ठरवण्यासाठी बाकीचे पुरावे वाकवतात. तशी उत्तरं मी तपासलेली आहेत आणि ती वाचताना खरोखर वाईट वाटतं, कारण मेहनत भरपूर घेतलेली असते.

हे सगळं बोटांवर मोजू नका, कागदाच्या दोन पट्ट्या करा. एकीवर चौतीस व्यंजनं एकदा, दुसरीवर तीच ओळ लागोपाठ दोनदा, म्हणजे ६८ घरं. सिद्धरामेश्वरांनी ६८ लिंगं स्थापलेल्या सोलापुरात हा आकडा कुणाला लक्षात ठेवायला सांगावा लागत नाही. छोटी पट्टी मोठीखाली सरकवत न्या, शेवटाकडून पुन्हा सुरुवातीला येण्याची भानगडच उरत नाही. घरं छत्तीस किंवा तेहेतीस असतील त्यासाठी वेगळ्या पट्ट्या करून ठेवा.

चिठ्ठीत अक्षरांऐवजी जोडीजोडीनं आकडे असतील आणि एकही पाचाच्या वर नसेल, तर वर्ग आणि वर्गातली जागा असं वाचून बघा: ३-३ म्हणजे ड, ५-५ म्हणजे म.

तिजोरी

विहीर रंगखान्याच्या आवारात आहे. त्या रात्री त्या फाटकातून कोण आत गेलं याचं रजिस्टर तिजोरीत आहे. तिजोरीला तीन आकडी कुलूप, आणि वर चिकटवलेला एकच शब्द: चादर.

सोलापूर आणि चादर, म्हणून लोक चादरीची लांबी-रुंदी लावून बघतात. शब्दातून आकडा काढायची आपली जुनी रीत आहे, कटपयादी. क, ट, प, य यांना १, तिथून पुढे क्रमानं ख, ठ, फ, र यांना २ असं जात झ आणि ध ला ९, ञ आणि न ला शून्य. मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन तेवढं घ्यायचं. च म्हणजे ६, द म्हणजे ८, र म्हणजे २. झाले ६८२. पण कुलूप ६८२ नं उघडत नाही, कारण या रीतीत आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात: २८६. उलटं वाचायचं लक्षात राहत नसेल तर कर्नाटक संगीत शिकणाऱ्या कुणालाही विचारा. त्यांच्या ७२ मेळकर्ता रागांचे क्रमांक नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत दडलेले असतात. 'धीरशंकराभरणम्'मधला ध ९, र २, आणि राग एकोणतिसावा.

रजिस्टरात त्या रात्री तीनच नोंदी: रंगारी, वॉचमन, जॉबर. खुन्यानं चावी विहिरीत टाकली, म्हणजे तो या तिघांतला. मुनीम सुटला. नुसत्या चिठ्ठीनं कुणी सुटत नव्हतं, नुसत्या रजिस्टरानंही नाही. दोन्ही एकत्र ठेवल्यावर फुली पडली. एखाद्या पुराव्यानं कुणीच खोडलं जात नसेल तर तो फेकून देऊ नका, त्याचा जोडीदार शोधा.

जबाब

जॉबर म्हणतो, "वॉचमननं केलं." वॉचमन म्हणतो, "जॉबर खोटं बोलतोय." रंगारी म्हणतो, "मी केलं नाही." तिघांपैकी एकच खरा आहे.

एकेकाला खुनी मानून तिन्ही शक्यता तपासता येतात, पण आधी एकमेकांना काटणारी जोडी शोधली तर काम लवकर होतं. जॉबर आणि वॉचमन दोघंही खरे असू शकत नाहीत आणि दोघंही खोटे असू शकत नाहीत. त्यांच्यातला एक खरा आहेच. एकमेव खरा जबाब तिथे खर्ची पडला, म्हणजे रंगारी खोटं बोलतोय. खून रंगाऱ्यानं केला.

पडताळा

उत्तर मिळालं की रंगाऱ्याला खुनी धरून सगळे पुरावे पुन्हा एकदा वाचा. जॉबरचा जबाब खोटा, वॉचमनचा खरा, रंगाऱ्याचा खोटा: एकच खरा, जमलं. रजिस्टरात त्याची नोंद आहे, तेही जमलं. मग सुटलेली नावं बघा. पाचही जणांपुढे पुराव्यासकट फुली आहे का? भाचा तापमान आणि तिकिटावरून, दलाल फोटोवरून, मुनीम चिठ्ठी आणि रजिस्टरावरून, वॉचमन आणि जॉबर जबाबांवरून. एखाद्या नावापुढची फुली कुठून आली हे लिहिता येत नसेल तर ती पुसा आणि त्या माणसाला पुन्हा संशयितांत घ्या.

मोठी कोडी असतात त्यात तीस-बत्तीस संशयित आणि पाच पुरावे देतात. प्रत्येक पुराव्यानं यादी निम्मी झाली तर पाच पायऱ्यांत बत्तिसाचा एक उरतो, म्हणून हे प्रमाण. पहिल्याच पुराव्यावर तुमची वीस-पंचवीस नावं उडाली असतील, तर पुढच्या पुराव्याला हात लावण्याआधी तो पहिला पुन्हा वाचा.