घरी गाय दावणीला, अन् पास्ता मात्र बिनदुधाचा

आमच्या घरी गवळाऊ गाय आहे, सकाळ-संध्याकाळ दूध निघते, दही लागते, तूप कढते, अन् आमच्या पोट्टीला दुधाची ॲलर्जी, त्यातलं काहीच चालत नाही. वर्ध्याहून कोणी गोरसपाक, ती खुसखुशीत बिस्किटं, आणला तं तो पण डबा वरच्या फळीवर, कारण त्यात गाईचं तूप. तशी ती कुरकुर करणारी नाही, पण मागच्या उन्हाळ्यात आत्याकडे नागपूरला गेली, तिथं सगळ्या पोट्ट्यांनी व्हाईट सॉसचा पास्ता खाल्ला अन् हिच्या ताटात वरण-भात. घरी आल्यापासून एकच धोशा, मम्मी तसा पास्ता कर ना. मंग काय, दोन-तीनदा बिघडवला, एकदाचा तं कोंबड्यांपुढे टाकला, त्यांनी पण चोच मारून पाहिली अन् निघून गेल्या. आता जमते. तेच सांगते, ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांच्यासाठी.

आधी सामानाचं, कारण गडबड चुलीपाशी कमी अन् दुकानात जास्त होते. साधा सुका पास्ता म्हणजे रवा अन् पाणी, बस. चांगला असतो तो ड्युरम गव्हाच्या रव्याचा, आपला जुना बन्सी गहू त्याच जातीतला, म्हणून तं तो शिजल्यावर पण दाताखाली लागतो, मैद्याच्या स्वस्तवाल्याचा लवकर लगदा होतो. आकार कोणता पण घ्या, मी पेने घेते, तिरप्या नळ्या असतात त्या. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिल्या तं म्हणे, हे तं सरगुंडेच आहेत, ह्याचे एवढे पैसे देऊन आली का तू. म्हणजे बोलल्या ते काही खोटं नाही.

पण ज्या पाकिटात मसाल्याची पुडी असते ते पाकीट आणायच्या आधी उलटं करून वाचा. मी पहिल्यांदा तेच आणलं, हिरवा ठिपका पाहून, अन् त्या रात्री पोट्टीच्या अंगावर गांध्या उठल्या. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूध नाही असा त्याचा अर्थ होत नाही, आपल्याकडे दूध शाकाहारातच धरतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय घातलं ते असते, खाली ॲलर्जीची एक ओळ असते, तिथं मिल्क लिहिलेलं सापडते. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, चीज पावडर, हे सगळं दूधच, नावं वेगळी. ब्रेड अन् टोस्टमध्ये पण बऱ्याचदा दूध पावडर असते, म्हणून सोबत गार्लिक ब्रेड करतो म्हणाल तं ते पाकीट पण वाचा.

आता तुपाचं. घरोघरी हाच वाद, की तूप तं चालते ना, तुपात कुठं दूध असते. त्याचं असं आहे की ज्याला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही, पोट गच्च होते, जुलाब लागतात, त्याला तुपानं सहसा काही होत नाही कारण ती साखर तुपात नावालाच राहते. पण ज्याला दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी आहे त्याला तूप पण नको, त्यात थोडे कण राहू शकतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्याकडे कोणतं ते डॉक्टरलाच विचारा. आमचं ॲलर्जीवालं, म्हणून हिची कढई अन् झारा वेगळा ठेवला आहे, तुपाचा चमचा तिकडे जाऊच देत नाही. पाहुणे "एवढ्याशानं काय होते" म्हणतात, त्यांना म्हणू द्या.

पाच माणसांच्या जेवणाला लागते ते असं: ४०० ग्रॅम पास्ता, एक वाटी कच्चे फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, दोन मोठे कांदे, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, चार-पाच चमचे फल्लीचं तेल, काळे मिरे, अर्धं लिंबू, चिमूटभर हळद, अन् घरात असेल ती भाजी. शिमला मिरची, मक्याचे दाणे, गाजर काही पण. हिवाळ्यात तुरीचे ताजे सोले घाला, वाफवून, पास्त्यात ते मटारापेक्षा भारी लागतात.

क्रीम बनते दाण्याचं, अन् सगळी करामत इथंच आहे. पहिल्या वेळी मी काय केलं, दाणे खमंग भाजले, कूट केला अन् त्यात पाणी घालून सॉस केला. झाली दाण्याची आमटी, तिच्यात पास्ता पोहून राहिला. भाजलेल्या दाण्याचा वास काही केल्या लपत नाही. दाणे भाजायचेच नाहीत, उकडायचे. आधी निवडून घ्या, काळे पडलेले, खवट, बुरशीवाले फेकून द्या, एक खवट दाणा सगळं कडू करतो. मंग कढत पाण्यात तासभर भिजवा, हातानं चोळलं की सालं सुटतात, सालं सगळी काढायची नाहीतर सॉस मळकट गुलाबी दिसतो. सोललेले दाणे थोडं मीठ घालून कुकरला तीन शिट्ट्या. निघाले की बोटात दाबून पाहा, लोण्यासारखा चेपला पाहिजे. थंड झाल्यावर लसणाच्या दोन पाकळ्या अन् दीड वाटी पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवा, एकदा नाही, थांबून-थांबून तीन-चारदा, बोटाला कण लागेनासे होईपर्यंत सोडू नका. मिक्सर जुना असेल तं फडक्यातून गाळून घ्या, चोथा ठेचात घाला, वाया जात नाही. पांढरं, दाट, सायीसारखं होते.

हे लाईन जायच्या आधी करून ठेवा. आमच्याकडे नेमकी जेवणाच्या टायमाला जाते, एकदा अर्धवट वाटलेलं तसंच राहिलं अन् पाट्यावर वाटत बसली, वाटलं गेलं चांगलं पण दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नव्हता. अन् उन्हाळ्यात हे वाटण बाहेर ठेवू नका, मे महिन्यात दुपारचं वाटलेलं संध्याकाळपर्यंत आंबते. त्याच दिवशी संपवायचं.

ज्याला फल्लीदाणे चालत नाहीत त्याच्यासाठी कोहळं, म्हणजे लाल भोपळा. पिवळट-लाल पिकलेलं कोहळं वाफवून घोटायचं, त्यानं पण मस्त दाटपणा येतो, थोडं गोड लागते म्हणून मिरे जास्त. काजूचं तं सगळे सांगतातच, होते पण छान, पण काजूचा भाव पाहा अन् आपल्या घरच्या दाण्याचं पोतं पाहा.

आता पास्ता उकळायचा. मोठा गंज घ्या, १०० ग्रॅमला एक लिटर पाणी असा हिशोब, म्हणजे चार लिटर. इटलीत लिटरला दहा ग्रॅम मीठ घालतात, मी थोडं कमी घालते, चार लिटरला दोन पोह्याचे चमचे. पाणी अळणी असलं की पास्ता आतून अळणीच राहतो, मंग वरून कितीही मीठ घाला. पाण्यात तेल घालू नका, बरेच जण चिकटू नये म्हणून घालतात, त्यानं सॉस मंग नळीला धरत नाही, घसरून खाली बसतो. चिकटू नये म्हणून करायचं एवढंच की पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता सोडायचा अन् पहिली दोन मिनिटं झाऱ्यानं हलवत राहायचं. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली त्याच्या दोन मिनिटं आधी एक नळी काढून मधोमध तोडून पाहा, आत पिठाचा बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. दिसला की गॅस बंद, किंवा चूल असेल तं गंज उतरवून घ्या.

थांबा, पाणी फेकू नका! दोन वाट्या पाणी आधी काढून ठेवा, मंग चाळणीत ओता. त्या गढूळ पाण्यात पास्त्याचं पिठूळ उतरलेलं असते, तेल अन् पाणी एकमेकात मिळवून धरते ते तेच, चीजशिवाय सॉस गुळगुळीत होते तो त्याच्यामुळेच. अन् थंड पाण्याखाली धुऊ पण नका, नळीच्या अंगावरचं पिठूळ धुतलं की सॉस सुटा राहतो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तं कोंबड्यांची ती फजिती झाली नसती.

पास्ता उकळत असतानाच दुसरीकडे कढई ठेवा. तेल मध्यम तापलं की बारीक चिरलेला लसूण, तो सोनेरी व्हायच्या आत कांदा, आच मंद, झाकण ठेवून पाचेक मिनिटं. कांदा लाल करायचा नाही, काचेसारखा व्हावा. मसाल्याच्या भाजीसारखा भाजला तं सॉस तपकिरी होईल अन् पोट्टं म्हणेल हा व्हाईट सॉस नाही. चिरलेली भाजी टाका, थोडी वाफ काढा. मंग दाण्याचं क्रीम ओता, आच एकदम मंद, पाच-सहा मिनिटं हलवत शिजवा, ते बुडाला लागते पटकन अन् दाट पण होत जाते, दाट झालं की राखलेल्या पाण्याचा अर्धा पळा. हळद इथं घालायची, चिमूटच हं, वायगावची असेल तं अर्धी चिमूट, तिचा रंग जबर असतो. त्यानं चीजसारखा फिका पिवळा रंग येतो. जास्त झाली तं ती कढीच.

ओरेगॅनो गावात मिळत नाही तं चिमूटभर ओवा हातावर चोळून टाका, दोघांचा वास एकाच घरचा आहे. ज्यांच्या अंगणात सब्जाचं झाड आहे त्यांनी त्याची दोन पानं तोडून घाला, परदेशी बेसिल म्हणतात ते तेच खानदान. वृंदावनातली तुळस नको, तिचा वास औषधी येतो अन् सासूबाई तोडू देणार नाहीत ते वेगळं.

आता निथळलेला पास्ता कढईत, सोबत अर्धी-पाऊण वाटी राखलेलं पाणी, आच मोठी, अन् दोन मिनिटं चांगला उलथापालथ करा. सुरवातीला पातळ वाटेल, घाबरू नका, बघता-बघता नळीला चिकटते. गॅस बंद केल्यावर कुटलेले मिरे अन् लिंबू पिळायचं. लिंबू आधी नाही, आचेवर लिंबू पडलं की दाण्याचं क्रीम फुटू शकते. त्या आंबटपणानंच चीजची उणीव भरून निघते. मीठ शेवटी चाखून, पाण्यात होतंच.

वरून चीज किसायच्या ऐवजी शिळी पोळी. हो, कालची. तव्यावर कडक करून हातानं चुरायची, थोड्या तेलात लसूण अन् भिवापुरी मिरचीच्या तुकड्यासोबत कुरकुरीत परतायची अन् ताटात वाढल्यावर वरून भुरभुरायची. पोळीला तूप लावलेलं नको एवढं पाहा. दक्षिण इटलीत गरिबाघरी चीज परवडत नसे तिथं शिळ्या पावाचा असाच चुरा तेलात परतून घालायचे, म्हणजे आपण काही जुगाड करून नाही राहिलो.

लाल पास्ता हवा तं क्रीम अर्धं करा अन् कांद्यानंतर पाच-सहा भेदरं, म्हणजे टमाटे, चिरून तेल सुटेपर्यंत शिजवा, मंग क्रीम, बाकी सगळं तेच. लिंबू नको, हवा तं गुळाचा खडा.

वाढायचा गरमागरमच, थंड झाला की गोळा होतो. उरलाच तं सकाळी कढईत पाण्याचा हबका मारून मंद आचेवर सोडवायचा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकायचा. आमच्या पोट्टीला तो सकाळचा, बुडाला जरा लागलेलाच जास्त आवडतो, म्हणून रात्री मुद्दाम दोन मुठी जास्तीचा उकळते.